कुलूपबंद पेटी आणि उघडा तक्ता : कारखान्यातली ऊर्जा कोण मोजतो, कोणासाठी मोजतो?

कारखान्यात किती ऊर्जा खर्च होते हे मोजण्याचा इतिहास पाठ्यपुस्तकांत जेम्स वॅटपाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. घोडा, अश्वशक्ती, वाफेचे यंत्र, संपले प्रकरण. प्रस्तुत धाग्याचा पक्ष निराळा आहे. या कथेत वॅटपेक्षा मोठे स्थान कॉर्नवॉलमधल्या जोएल लीन नावाच्या खाण-कप्तानाला मिळायला हवे. त्याने कोणतेही यंत्र शोधून काढले नाही. त्याने दरमहा एक तक्ता छापला. (धागा लांब आहे. मुळशीपर्यंत जायचे आहे.)

प्रथम कॉर्नवॉल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा हा प्रदेश तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींचा. खाण जितकी खोल तितके तिच्यात पाणी अधिक, आणि ते उपसल्याखेरीज धातू हाती लागत नाही. उपशासाठी न्यूकोमेनची वाफेची यंत्रे होती, पण कॉर्नवॉलच्या भूमीत कोळसा नव्हता. तो साउथ वेल्सहून जहाजाने येई आणि महाग पडे. न्यूकॅसलच्या कोळसा खाणीत तोंडाशी पडलेला भुगा जाळून यंत्र चालवणाऱ्याला इंधनाचा हिशोब ठेवण्याचे कारण नव्हते. कॉर्नवॉलमध्ये मात्र प्रत्येक टोपली मोजावी लागे. ऊर्जेचे मोजमाप विज्ञानाच्या कुतूहलातून जन्मले अशी एक गोड समजूत आहे. कागदपत्रे पाहिली तर ते बिलातून जन्मलेले दिसते.

१७६९ साली वॅटने पेटंट घेतले आणि १७७५ मध्ये संसदेच्या कायद्याने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली. बोल्टन आणि वॅट यांची कंपनी खाणमालकाशी करार करी तो असा : जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा कंपनीचा. व्यवहार चतुर होता. पण त्यात एक अडचण दडलेली होती. वाचलेला कोळसा डोळ्यांना दिसत नाही. जो जळलाच नाही तो तोलणार कसा?

यावर उपाय म्हणून ‘ड्युटी’ हे माप रूढ झाले : एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट उचलले गेले. कॉर्नवॉलमध्ये बुशेल ९४ पौंडांचा धरत. पोल्डाइस खाणीतल्या जुन्या यंत्रांची १७७८ मध्ये चाचणी झाली तेव्हा आकडा निघाला सुमारे ७० लाख. आजच्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर जवळपास ४३ किलो कोळसा जाळून अडीच युनिटांच्या आसपास काम. कोळशातल्या उष्णतेचा एक टक्कासुद्धा उपयोगी येत नव्हता.

नव्या यंत्राने किती काम केले हे मोजण्यासाठी वॅटने यंत्राच्या तुळईवर एक गणकयंत्र बसवले. तुळई एकदा हलली की काटा एक घर पुढे सरके. हे गणकयंत्र एका कुलूपबंद पेटीत असे. खाणीत यंत्र दिवसरात्र धापा टाकत असे, आणि त्याने किती काम केले याचा पुरावा कुलपाआड असे.

या पेटीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यातून निघते. पेटीतला आकडा खरा होता. वॅट लबाड होता असे कोणी म्हणणार नाही. पण तो आकडा एका विक्रेत्याने वसुलीसाठी काढलेला होता आणि त्याचा दुसरा कोणताही उपयोग त्याला अभिप्रेत नव्हता. खाणमालकांना हा हिशोब जाचू लागला. ‘आमच्या यंत्राने वाचवलेला काल्पनिक कोळसा’ ही वस्तू दरवर्षी विकत घेणे कोणाला आवडेल? पुढे अनेक ठिकाणी हिशोब सोडून ठराविक वार्षिक रकमेवर तडजोडी झाल्या. १७९० च्या दशकात पैसे थकले, खटले झाले आणि १७९९ मध्ये न्यायालयाचा कौल वॅटच्या बाजूने लागला.

मँचेस्टरच्या गिरण्यांना यंत्रे विकताना तर कोळशाची तुलनाही जुळेना, कारण तिथे आधी वाफेचे यंत्रच नव्हते. होते ते घोडे आणि पाणचक्की. म्हणून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड म्हणजे एक अश्वशक्ती असे ठरले आणि दर अश्वशक्तीमागे वर्षाला ५ पौंड, लंडनमध्ये ६ पौंड, अशी आकारणी झाली. आज मोटारींच्या जाहिरातीत मिरवणारे हे एकक मुळात भाडेपावतीचे आहे.

याच काळात वॅटच्या कारखान्यात आणखी एक उपकरण तयार झाले : ‘इंडिकेटर’. सिलिंडरमधला वाफेचा दाब दट्ट्याच्या प्रत्येक स्थानी किती आहे हे ते दाखवी. वॅटचा सहायक जॉन सदर्न याने १७९६ मध्ये त्याला कागद आणि पेन्सिल जोडली आणि यंत्र आपला आलेख आपणच काढू लागले. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे मानवाला प्रथमच दिसले. आणि कंपनीने हे उपकरण गुपित ठेवले. छापील स्वरूपात त्याचे वर्णन जगापुढे आले ते १८२२ मध्ये. जॉन फेरी हा इंग्रज अभियंता वाफेच्या यंत्रांवर ग्रंथ लिहीत होता. त्याला हे उपकरण पाहायला मिळाले ते १८१९ मध्ये, रशियात! स्वतःच्या देशातले मोजमाप पाहायला माणसाला परदेशी जावे लागले, यात विनोद आहे तितकाच विषादही.

१८०० मध्ये पेटंट संपले. बोल्टन-वॅटची माणसे कॉर्नवॉल सोडून गेली. आता खाणमालकांना मोकळीक मिळाली, तेव्हा प्रगती धावत सुटायला हवी होती. झाले उलट. वसुली करणारा गेला तसा मोजणाराही गेला. यंत्रांची निगा सुटली, कोळसा वाटेल तसा जळू लागला आणि कोणाचे यंत्र किती खाते हे कोणालाच सांगता येईना. पेटंटविरोधी उत्साही मंडळी ही दहा वर्षे सोईस्करपणे विसरतात. मक्तेदारी संपल्याने ज्ञान आपोआप सार्वजनिक होत नाही. त्यासाठी कोणीतरी बसून ते लिहावे लागते.

ते काम १८११ मध्ये जोएल लीनने अंगावर घेतले. व्यवस्था साधी होती. ज्या खाणी सहभागी होतील त्यांनी शुल्क द्यायचे. लीनने प्रत्येक यंत्रावर गणकयंत्र बसवायचे, आकडे स्वतः नोंदवायचे, कोळशाचा हिशोब तपासायचा आणि महिन्याअखेर तक्ता छापायचा. तक्त्यात खाणीचे नाव, सिलिंडरचा व्यास, पंपाची खोली, तुळईचे फेरे, जळलेला कोळसा, निघालेली ड्युटी. आणि त्यासोबत अभियंत्याचे नाव. पेटी तीच, गणकयंत्र तेच. कुलपाची किल्ली मात्र आता विक्रेत्याच्या हाती नव्हती, आणि आकडा महिन्याच्या महिन्याला सर्वांसमोर येत होता. पुढच्याच वर्षी जोएल वारला. मुलांनी काम चालू ठेवले आणि हा ‘इंजिन रिपोर्टर’ १९०४ पर्यंत निघत राहिला.

परिणाम काय झाला? आरंभी यंत्रांची सरासरी ड्युटी दोन कोटींच्या आत होती. १८४० च्या सुमारास ती पाच कोटींच्या पुढे गेली. फोवी कॉन्सोल्स खाणीत विल्यम वेस्टने उभारलेल्या ‘ऑस्टेन’ यंत्राने १८३५ च्या चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. म्हणजे त्याच ९४ पौंड कोळशात सुमारे ४७ युनिटांचे काम. पोल्डाइसच्या जुन्या यंत्रांशी ताडून पाहावे : अडीच आणि सत्तेचाळीस. चाचणीचा आकडा रोजच्या कामाचा नसतो हे मान्य करूनही झेप थक्क करणारी आहे.

ही झेप एका शोधाची नव्हे. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२ मध्ये व्हील प्रॉस्पर खाणीत उच्च दाबाच्या वाफेचे यंत्र लावले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. आर्थर वुल्फने जोड-सिलिंडरचा प्रयोग केला. कोणी बॉयलरला जाड आवरण घातले, कोणी झडप लवकर बंद करून वाफेला पसरू दिले. अमक्या खाणीचा आकडा का चढला हे तक्त्यात पाहून दुसऱ्या खाणीचा अभियंता तिकडे चौकशीला जाई. कॉर्नवॉलच्या अभियंत्यांनी या काळात पेटंटे फारच थोडी घेतली. त्यांची नोकरी आणि कीर्ती तक्त्यातल्या आकड्यावर ठरे. शोध लपवून त्यांना काही मिळण्यासारखे नव्हते.

दरम्यान लँकशायरच्या कापडगिरण्यांत काय चालले होते? तिथे कोळसा जवळ आणि स्वस्त होता, गिरणीमालक एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, आणि असा तक्ता कोणी छापला नाही. उच्च दाबाची वाफ तिथे सर्रास वापरात यायला १८४० चे दशक उजाडावे लागले. कॉर्नवॉलचे आकडे ऐकून इतर ठिकाणच्या अभियंत्यांना ते थापा वाटत. अखेर थॉमस विकस्टीड या अभियंत्याने लंडनच्या पूर्व भागातल्या पाणीपुरवठा कंपनीसाठी कॉर्नवॉलमधले एक यंत्र विकत आणून स्वतः तपासले, तेव्हा शंका मिटल्या.

मात्र लीनच्या तक्त्याची आरती ओवाळून थांबणे इतिहासाला शोभणारे नाही. तक्त्यात दोष होते आणि ते बोलके आहेत. पाणी किती वर आले हे प्रत्यक्ष मोजत नसत. पंपाचे आकारमान गुणिले फेरे असा हिशोब असे. पंप गळका असला, तरी गळून गेलेले पाणी ‘उचललेले’ धरले जाई. चाचणीच्या वेळी उत्तम प्रतीचा कोळसा वापरणे, बॉयलर लखलखीत करणे हेही ओघाने आले. जो आकडा नोकरी देतो, तो आकडा फुगवला जातो. यात नवे काही नाही.

याहून मोठा दोष निराळाच. यंत्रे सुधारली तशा खाणी खोल गेल्या. खोल खाणीत उतरायचे आणि काम संपल्यावर वर यायचे ते शिडीने. दिवसभर दगड फोडून दमलेला खाणकामगार शेकडो फूट शिड्या चढून वर येई. कित्येकांची छाती त्यापायी कायमची गेली. माणसांना वर-खाली नेणारी यांत्रिक सोय, ‘मॅन इंजिन’, कॉर्नवॉलमध्ये प्रथम बसली ती १८४२ मध्ये, ट्रेसाव्हियन खाणीत. म्हणजे लीनचा तक्ता सुरू झाल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने. पाण्याचा प्रत्येक पौंड किती फूट उचलला याची दरमहा नोंद होती. दीडशे पौंड वजनाचा माणूस हजार फूट वर चढतो तेव्हा दीड लाख फूट-पौंड काम होते. त्या कामासाठी तक्त्यात रकाना नव्हता, कारण त्याचा कोळसा खाणमालकाच्या खर्ची पडत नव्हता.

गिरण्यांतही हेच दिसते. ब्रिटिश कारखाना-निरीक्षकांच्या अहवालांत गिरण्यांची अश्वशक्ती नोंदलेली असे, पण ती ‘नाममात्र’ अश्वशक्ती, सिलिंडरच्या आकारावरून काढलेली. १८५२ मध्ये जेम्स नॅस्मिथने निरीक्षक लिओनार्ड हॉर्नर यांना पत्र लिहून दाखवून दिले की जुनीच यंत्रे आता अधिक वेगाने पळवली जात आहेत आणि नाममात्र अश्वशक्तीपेक्षा कितीतरी जास्त काम देत आहेत. कार्ल मार्क्सने हे पत्र ‘भांडवल’मध्ये वापरले, कारण त्याला त्यातला दुसरा अर्थ दिसला. यंत्र वेगाने पळते तेव्हा त्यापुढे उभा असलेला माणूसही पळतो. सरकारी आकड्यात मात्र दोघेही जागच्या जागी असतात.

आता मुंबई. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्या अर्धशतकात गिरणगाव उभे राहिले ते कोळशाच्या वाफेवर, आणि मुंबईलाही कॉर्नवॉलप्रमाणे कोळसा दुरूनच आणावा लागे : आधी विलायतेहून, नंतर मोठ्या प्रमाणात बंगालमधून. तेव्हा इथेही हिशोबाची निकड असणारच. पण मुंबईच्या गिरण्यांचा लीन झाला नाही. प्रत्येक गिरणीचा कोळसा तिच्या वहीत राहिला.

गिरणगावातही ऊर्जेचा हिशोब आणि माणसाचा हिशोब वेगवेगळ्या वह्यांत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. प्रकाशासाठी लागणारी वीज गिरणीच्या एकूण शक्तीच्या मानाने किरकोळ. ऊर्जेच्या तक्त्यात ती दिसलीही नसती. पण सूर्यास्ताची मर्यादा उठली आणि १९०५ च्या तेजीत मुंबईच्या गिरण्या पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर ओरड झाली, आयोग बसला आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. बारा तास, आणि तीही सुधारणा!

१९१५ मध्ये खोपोलीचे टाटा जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी खाली सोडून निघालेली वीज गिरण्यांना मिळू लागली. मोजमापाच्या इतिहासात हा मोठा पालट आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वाफेच्या काळात गिरणी आपली शक्ती आपल्या अंगणात निर्माण करी. आता ती बाहेरून येऊ लागली, मीटरमधून मोजून. हिशोब एकदम स्वच्छ झाला : इतकी युनिटे, इतके रुपये. गिरणीच्या धुराड्याचा धूरही कमी झाला.

आणि त्याच मीटरमुळे एक गोष्ट दिसेनाशी झाली. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईला आणखी वीज देण्याची योजना आली, तेव्हा मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची भातखाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट त्याचे नेते झाले, तुरुंगात गेले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले. त्या धरणाच्या एका युनिटमागे किती गुंठे भातजमीन बुडाली हा भागाकार गणिताच्या दृष्टीने मुळीच अवघड नव्हता. वीज विकणाऱ्याच्या मीटरला तो करण्याची गरज नव्हती, घेणाऱ्यालाही नव्हती.

या इतिहासातून आजच्या धोरणाकडे पाहिले तर काय दिसते? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली आला. त्याखाली २०१२ मध्ये ‘पॅट’ योजनेचे पहिले चक्र सुरू झाले : आठ क्षेत्रांतले ४७८ मोठे ऊर्जाग्राहक, आणि प्रत्येकाला एकक उत्पादनामागे किती ऊर्जा खर्चावी याचे लक्ष्य. एक टन सिमेंटमागे किती, एक टन पोलादामागे किती. ही ड्युटीच आहे, फक्त उलटी करून लिहिलेली. पहिल्या चक्राचे लक्ष्य ६६.८६ लाख टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचवण्याचे होते, बचत ८६.७ लाख टनांइतकी झाली असे सरकारी हिशोब सांगतो. यशाची शाबासकी द्यावी. त्याचबरोबर लक्ष्यच सोपे होते का, हेही विचारावे.

पॅटचा हिशोब ‘दारापासून दारापर्यंत’ असतो, म्हणजे कारखान्याच्या प्रवेशद्वारातून आत आलेली ऊर्जा आणि बाहेर गेलेला माल. हिशोबाला कुठेतरी कुंपण लागतेच, हे खरे. पण मुळशी कुंपणाबाहेर होती आणि ट्रेसाव्हियनची शिडी कुंपणाच्या आत असूनही अदृश्य होती. तेव्हा कुंपण कुठे घातले हा प्रश्न केवळ तांत्रिक मानून अभियंत्यांवर सोपवता येत नाही.

दुसरी बाब किल्लीची. वार्षिक उद्योग पाहणीत देशभरचे कारखाने कोळसा, वीज, तेल यांचा खर्च भरून देतात. संख्याशास्त्रीय माहितीच्या कायद्यानुसार कोणत्या कारखान्याने काय भरले हे उघड करता येत नाही. संशोधकाला मिळते ती नाव पुसलेली माहिती. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. नाव जाहीर होणार असेल तर मालक खरे सांगणार नाहीत अशी भीती असते. शिवाय कॉर्नवॉलची परिस्थिती वेगळी होती, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. तिथल्या भागधारकांचे पैसे एकाच वेळी अनेक खाणींत गुंतलेले असत. शेजारच्या खाणीची प्रगती त्यांना परकी नव्हती. आजचे दोन सिमेंट कारखाने एकमेकांना आपला भट्टीचा हिशोब दाखवायला धावणार नाहीत.

तरीही गुप्ततेचा हा युक्तिवाद लँकशायरचाच आहे, आणि लँकशायर त्यापायी मागे पडले होते. शिवाय आज खाणीच्या भागधारकांची जागा निराळ्या लोकांनी घेतली आहे. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला, इचलकरंजीच्या सूतगिरणीतल्या फोरमनला, कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखानदाराला आपली भट्टी किंवा आपला माग शेजाऱ्याच्या मानाने किती खातो हे कळले, तर त्याचा फायदा त्याला त्याच महिन्याच्या बिलात दिसेल. पॅटची नजर मोठ्यांवर आहे. आणि २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट योजनेचीही सुरुवात मोठ्यांपासूनच आहे. लहान उद्योगांच्या वसाहतींत, सहभाग ऐच्छिक ठेवून, नावानिशी, दरमहा, स्थानिक भाषेत एक पानी तक्ता लावण्यास कोणता कायदा आड येतो? लीनलाही कोणी सक्ती करायला दिली नव्हती. खाणी शुल्क देऊन आपणहून आल्या.

आणि तक्ता लावायचाच तर त्यात एक जादा रकाना असावा : त्या महिन्यात भट्टीपुढे, मागापुढे माणसे किती तास उभी होती. पन्नास अंश उष्णतेत काम करणाऱ्याच्या पाळीची लांबी आणि टनामागचा कोळसा एकाच ओळीत छापले, तर कोणती बचत यंत्राने केली आणि कोणती माणसाच्या अंगातून काढली हे वाचणाऱ्याला वेगळे ओळखता येईल. १८११ च्या तक्त्यात हा रकाना घालायला जागा होती. कागद तेवढा रुंद होता.